टार्गेट गेलं म्हणतात, मग महिन्याच्या बैठकीत केसेस कसल्या मोजतात?

प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात चार महिन्यांपूर्वी रुजू झाल्या आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "पीएसएमच्या (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पुस्तकात वाचलं होतं की भारतात १९९६पासून कुटुंब नियोजनाला टार्गेट नाही. पण दर महिन्याच्या आढावा बैठकीत मला उभं करून 'नसबंदीच्या केसेस किती' असंच विचारतात. पुरुषांच्या शून्य असल्या तर कुणी काही बोलत नाही, बायकांच्या कमी असल्या की ताशेरे. त्यात गावातले पुढारी म्हणतात की कडक कायदा आणा, मग सगळं सुटेल. यातलं धोरण कुठलं आणि राजकारण कुठलं? आणि मी बैठकीत काय बोलू?"

डॉक्टर, मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत काढली. पहिली आठ वर्षं टार्गेटच्या राज्यात, उरलेली टार्गेट नसलेल्या राज्यात. दोन्हीकडे माझ्या टेबलावर कागद तोच होता, वरचं शीर्षक तेवढं बदललं. आधी 'लक्ष्य' होतं, १ एप्रिल १९९६ला ते अधिकृतरीत्या गेलं, आणि थोड्याच दिवसांत 'अपेक्षित साध्य' नावाने परत आलं. तुमच्याकडे त्याला ईएलए म्हणत असतील. केंद्राचं धोरण खरंच बदललं होतं. १९९४च्या कैरोतल्या जागतिक लोकसंख्या परिषदेनंतर भारताने मान्य केलं की आकडे वरून खाली द्यायचे नाहीत, गावाची गरज खालून वर यावी. पण गरज खालून वर यायची तर आधी कुणीतरी बायकांना विचारायला हवं, आणि विचारायला माणूस कुठे होता? मग मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून गरज 'काढली' जायची. मी स्वतः काढली आहे, रात्री नऊला, कंदिलाच्या उजेडात, क्लार्कला शेजारी बसवून. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघायची होती.

टार्गेट का गेलं नाही हे कळायला थोडं मागे जावं लागेल. कंटाळू नका. या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचा हात मोठा आहे, आणि तो पुस्तकात दोन ओळींत उरकतात.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. गणिताचे प्राध्यापक, नोकरी गेली, पण बधले नाहीत. १९२७पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला १९३४चा खटला डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने लढवला. हरले, पण लढवला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि सभागृहाने तो फेटाळला. याच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर १९३५मध्ये, अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटून गेल्या होत्या. तुमच्यापासून वर्धा फार लांब नसावं. गांधीजींचं म्हणणं संयमाचं, सँगरबाईंचं साधनांचं. दोघांचं जुळलं नाही.

त्या काळातला वाद नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. कर्वे असोत, आंबेडकर असोत, त्यांच्या बोलण्यात बाई होती. सतत बाळंतपणांनी खंगलेली, गरिबीत दहावं मूल पदरात पडलेली बाई, आणि तिला नको म्हणता यावं हा मुद्दा. देशाची लोकसंख्या हा विषय होताच, नव्हता असं नाही. पण दारात उभी होती ती बाई.

स्वातंत्र्यानंतर योजना आयोग आला आणि बाईच्या जागी बेरीज आली. १९५२मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात पहिल्यांदा. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. गंमत अशी की आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या शिष्या. त्यामुळे सुरुवातीला भर 'सुरक्षित दिवसां'च्या पद्धतीवर होता, आणि बायकांना दिवस मोजायला मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. आज आपण हसतो. पण त्या माळेतून कुणाचा गर्भाशय फाटला नाही एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं.

साठच्या दशकात दुष्काळ, अमेरिकन गव्हाची जहाजं, आणि गव्हाबरोबर येणारे सल्ले. १९६५मध्ये लूप आलं, गर्भाशयात बसवायचं साधन. आपण आज ज्याला तांबी म्हणतो त्याच्या आधीची पिढी, तांब्याविना प्लास्टिकचं. लूप वाईट नव्हतं. वाईट होतं ते बसवून पाठ फिरवणं. रक्तस्राव झाला, दुखलं, तर परत येऊन दाखवायला जागाच नव्हती. वर्ष-दोन वर्षांत लूप बदनाम झालं. मी १९८८ला रुजू झाले तेव्हा म्हाताऱ्या बाया तांबीला अजून 'लूप' म्हणायच्या आणि 'ते छातीत चढतं' असं सांगायच्या. दोन दशकांपूर्वीची एक चूक मला ओपीडीत रोज भेटत होती.

लूप पडल्यावर सरकार नसबंदीकडे वळलं. त्यात पुरुष नसबंदी सोपी, दहा मिनिटांची, भूल जागेपुरती. १९७१च्या जुलैमध्ये केरळात एर्नाकुलमला महिनाभर शिबिर चाललं, त्यात ६० हजारांवर पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या शिबिराचं कौतुक देशभर झालं आणि 'शिबिर' हा शब्द आपल्या खात्याला चिकटला तो आजतागायत.

मग आणीबाणी. १९७४ला बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे मंत्री करण सिंह विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन असं सांगून आले होते. त्याच मंत्र्यांनी एप्रिल १९७६मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या धोरण मांडलं, ज्यात राज्यांना हवं तर सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायची मोकळीक होती. आणि तसा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य कोणतं? आपलं. महाराष्ट्र कुटुंब (आकार मर्यादा) विधेयक, १९७६. तीन मुलं झाली की नसबंदी सक्तीची, नाही केली तर तुरुंग. राष्ट्रपतींची संमती आली नाही आणि आणीबाणीच उठली, म्हणून तो अमलात आला नाही. आपण आणीबाणीतली नसबंदी म्हटलं की दिल्लीचं तुर्कमान गेट आणि हरयाणातलं उटावर गाव आठवतो. बार्शीतून लोकांना धरून नेल्याच्या बातम्या १९७६च्या सुरुवातीलाच येत होत्या, हे मात्र सोयीने विसरतो. केंद्राने दिलेलं उद्दिष्ट आपल्या राज्याने स्वतःहून वाढवून घेतलं होतं, आणि त्या वर्षी आठ लाखांहून जास्त शस्त्रक्रिया केल्या.

देशाचे आकडे तुम्हाला पाठच हवेत, बैठकीत उपयोगी पडतील. १९७६-७७चं लक्ष्य ४३ लाखांचं होतं, झाल्या सुमारे ८२.६ लाख. त्यातले सुमारे ६२ लाख पुरुष. म्हणजे चारात तीन. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे नसबंदीनंतर झालेल्या मृत्यूंच्या १,७७४ तक्रारी आल्या, आणि अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८. पुढच्या वर्षी, सरकार बदलल्यावर, शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांच्या आत आल्या. खात्याचं नाव 'कुटुंब नियोजन' होतं ते 'कुटुंब कल्याण' झालं. तुमच्या केंद्राच्या पाटीवर आज जो शब्द आहे तो या निवडणुकीतून आला आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पुरुषांच्या शून्य केसेसवर कुणी का बोलत नाही? कारण १९७७ला पुढाऱ्यांनी एक धडा घेतला. सक्ती करू नये, हा तो धडा असायला हवा होता. त्यांनी घेतला तो वेगळाच: पुरुषाला हात लावू नये. पुरुष चावडीवर बसून बोलतो, मतदान केंद्रावर चार जणांना घेऊन जातो. बाई शिबिरात येते, उठते, लेकरू काखेला मारते आणि घरी जाते. त्याच सुमारास पोटात बारीक छेदातून घालायची दुर्बीण (लॅपरोस्कोप) आली, बिनटाक्याची शस्त्रक्रिया आली, आणि आठ-दहा वर्षांत सगळा कार्यक्रम बायकांच्या पोटावर येऊन ठेपला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. आपल्या राज्यात पुरुषाला केंद्राच्या दराने ११०० रुपये मिळतात, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६०० आणि इतर बायकांना २५०. पैसे जास्त देऊनही पुरुष येत नाही, कारण प्रश्न पैशाचा कधी नव्हताच. 'कष्टाची कामं होणार नाहीत' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. मला ते जेवढ्या वेळा पुरुषांनी सांगितलं त्याहून जास्त वेळा त्यांच्या आयांनी सांगितलं. आणि बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीनंतर दोन दिवसांनी माणूस साधं काम करू शकतो, हे आमच्या अर्ध्या आरोग्यसेवकांनाही माहीत नव्हतं.

शिबिराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पिढीला शिबिर म्हणजे रक्तदान वाटतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात, फेब्रुवारी-मार्च. शिबिरांचा हंगाम थंडीचा. सुगी उरकलेली असते, जखम चिघळत नाही असा समज, आणि सरकारी वर्ष संपत आलेलं. केस आणायची सक्ती फक्त आरोग्य खात्याला नव्हती. तलाठ्याला होती, ग्रामसेवकाला होती, शाळेतल्या गुरुजींना होती. एकदा एक गुरुजी स्वतःच्या सासूबाईंना घेऊन आले. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती बाईंची. गुरुजींची वेतनवाढ अडकली होती. मी परत पाठवलं तर ते मलाच म्हणाले, "मॅडम, तुमचं काय जातंय?" सासूबाई मात्र हसत होत्या, त्यांना जीपमधून तालुका बघायला मिळाला होता.

सकाळपासून उपाशी बायका शाळेच्या व्हरांड्यात ओळीने बसलेल्या. कडेवरची मुलं रडताहेत, सासवा खिडकीतून डोकावताहेत. आत दोन टेबलं. एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर पुढची बाई तयार. झाली की स्ट्रेचरवरून नाही, दोघांनी उचलून, जमिनीवरच्या सतरंजीवर.

आता गणित बघा. लॅपरोस्कोप ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेने निर्जंतुक करायची सोय नव्हती. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये २० मिनिटं बुडवायचा, मग निर्जंतुक पाण्याने धुवायचा. बुडवणं, धुणं आणि शस्त्रक्रिया धरली तर एक दुर्बीण तासाला दोन बायका. तीन दुर्बिणी असल्या तर तासाला सहा. पाच तास काम केलं तर तीस. केंद्राच्या मानकात एका चमूला दिवसाला ३० ही मर्यादा आहे आणि तीन लॅपरोस्कोप असावेत असंही लिहिलं आहे. तो आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, तो ट्रेमधल्या त्या २० मिनिटांतून येतो. म्हणून जेव्हा कुणी सांगतं की अमक्या सर्जनने एका दिवसात दोनशे केल्या, तेव्हा त्याच्या हाताच्या वेगाचं कौतुक करू नका. दुर्बीण ट्रेमध्ये किती वेळ होती ते विचारा.

७ जानेवारी २०१२ला बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री दोन तासांत ५३ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, टॉर्चच्या उजेडात. ८ नोव्हेंबर २०१४ला छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या एका रुग्णालयात एका सर्जनने काही तासांत ८३ केल्या. त्या आणि लागोपाठच्या शिबिरांतल्या १३ बायका दगावल्या. गावागावांत तेव्हा चर्चा औषधातल्या भेसळीची झाली. ती असेल नसेल. पण ८३ला वीस मिनिटांचा हिशेब लावून बघा. देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ला सांगितलं की शिबिरं तीन वर्षांत बंद करा, आणि अनौपचारिक टार्गेटसुद्धा नको. हा निकाल तुमच्या फोनमध्ये ठेवा. कुणी आवाज चढवला तर वाचून दाखवायचा म्हणून नाही, तुमचीच पाठ ताठ राहावी म्हणून.

बिलासपूरला दगावलेल्यांत एक बैगा आदिवासी बाईही होती. अविभाजित मध्य प्रदेशातला १९७९चा जुना आदेश होता की बैगांसारख्या आदिम जमातींची नसबंदी करू नये, संख्या घटू नये म्हणून. म्हणजे ज्या बैगा बाईला पाच मुलांनंतर खरंच शस्त्रक्रिया हवी होती तिला दवाखान्यातून कागदावरच्या नियमाने परत पाठवायचं, आणि टार्गेट कमी पडलं की तिलाच जीपमध्ये बसवायचं. दोन्ही वेळा तिला कुणी काही विचारलेलं नाही.

आता साधनांचं राजकारण. हे जरा नाजूक आहे आणि मी यात माझं मत बदललेलं आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या ऐंशीच्या दशकात झाल्या तेव्हा बायकांना प्रयोग आहे हे नीट सांगितलं गेलं नाही, म्हणून हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर इंजेक्शन हा शब्द स्त्री चळवळीत संशयाचा झाला. दर तीन महिन्यांनी घ्यायचं डीएमपीए हे गर्भनिरोधक इंजेक्शन खासगी बाजारात १९९०च्या दशकात आलं, पण सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने २०१७मध्येच मिळू लागलं. सुरुवातीला मला चळवळीचं म्हणणं शंभर टक्के पटायचं. ज्या व्यवस्थेला लूपनंतरचा रक्तस्राव बघता आला नाही, ती इंजेक्शननंतरची बंद झालेली पाळी काय बघणार? पण मग ओपीडीत नवऱ्याला न सांगता काहीतरी हवं म्हणणारी बाई समोर बसायची, आणि माझ्याकडे गोळी किंवा तांबी यापलीकडे काही नसायचं. गोळ्यांची माळ घरात सापडते. तांबीचा दोरा नवऱ्याला लागतो म्हणे, ही तर रोजची तक्रार. इंजेक्शन कुणाला दिसत नाही. चळवळीचं भय खरं होतं, पण त्याची किंमत त्या बाईने वीसेक वर्षं दिली. 'छाया' गोळीचंही असंच. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी १९९१ला बाजारात आली आणि उपकेंद्रात पोहोचायला पाव शतक लागलं. तिच्यावर तर कुणाचा आक्षेपही नव्हता. तिच्या केसेस मोजत नव्हते, एवढंच.

पाळणा लांबवण्याचं काम बैठकीत दिसत नाही. पहिलं मूल वर्षाचं, वीस वर्षांची आई, तिला तीन वर्षांचं अंतर मिळवून दिलं तर तक्त्यात काय चढतं? फार काही नाही. तीच बाई चोविसाव्या वर्षी दोन मुलांवर ऑपरेशनला आली की एक 'केस'. आपल्याकडे 'ऑपरेशन' म्हटलं की दुसरं कुठलं ऑपरेशन कुणाच्या मनातही येत नाही, यावरून समजा. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी ते केलेलं आहे. आपण त्याला कार्यक्रमाचं यश म्हणतो, आणि एका अर्थी आहेच. पण पंचविशीच्या आत पाळणा कायमचा थांबवायचा आणि त्याआधी दोन मुलं लागोपाठ होऊ द्यायची, हा क्रम बायकांनी निवडलेला नाही. पुढे ठेवलेल्या ताटात तेवढंच होतं.

आता गावातले पुढारी आणि त्यांचा 'कडक कायदा'. त्यांना सांगा, तो इथे आहे, आणि त्यांच्यातल्याच काहींची खुर्ची त्याने गेलेली असेल. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठी २००५च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुम्हीही रुजू होताना सही केली असेलच. सर्वोच्च न्यायालयाने हरयाणाच्या खटल्यात २००३ साली अशी अट वैध ठरवली. पण हरयाणाने ती नंतर रद्द केली, मध्य प्रदेशनेही केली.

या अटीचं प्रत्यक्षात काय होतं हे निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत फिरून नोंदवलं: बायकांना सोडून देणं, मूल नाकारणं, दत्तक दिल्याचं दाखवणं, गर्भपात. मी फिरले नाही, मला माझ्या केंद्रावरच दिसलं. एका निवडणुकीच्या वर्षी तिसऱ्या खेपेची एक बाई नोंदणीला आली ती जावेच्या नावाचं कार्ड घेऊन. रक्तगट दोघींचे वेगळे होते. कार्डावर ओ पॉझिटिव्ह, आणि समोर बसलेली बी निगेटिव्ह. बाळंतपणात तिला रक्त लागलं असतं तर? रक्त देण्याआधी जुळवून बघतात (क्रॉसमॅच) म्हणून वाचली असती कदाचित. पण निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला द्यायचं अँटी-डीचं इंजेक्शन त्या कार्डावरच्या बाईला लागत नव्हतं, या बाईला लागत होतं. घरचे पुरुष बाहेर मोटरसायकलवर बसून होते. मी कार्ड बदललं, आणि त्या घराने पुढची पाच वर्षं मला नमस्कार केला नाही.

दुसरं असं की दोनच मुलं म्हटलं की त्यातला एक मुलगाच हवा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली २००१ला ९१३ होत्या, २०११ला ८९४. सगळा दोष या अटीवर मी टाकत नाही, सोनोग्राफी मशीन तिच्याआधीच तालुक्यात पोहोचलं होतं. पण जिथे मुलगा हवाच असतो तिथे मुलांची संख्या बांधून दिली की राहिलेली कात्री कुठे चालते ते सांगायला नको.

आणि एक गोष्ट चावडीवर कुणीतरी काढणारच: 'त्यांची' संख्या वाढते. वाद घालत बसू नका, आकडे सांगा. १९९२-९३मध्ये देशात मुस्लिम स्त्रीचा सरासरी प्रजनन दर ४.४ होता, २०१९–२१मध्ये २.३६. हिंदूंचा ३.३वरून १.९४वर. दोघेही उतरले, आणि ज्यांचा जास्त होता ते जास्त उतरले. बिहारमधल्या हिंदू बाईला सरासरीने केरळातल्या मुस्लिम बाईपेक्षा जास्त मुलं होतात. फरक मुलगी किती शिकली आणि दवाखाना किती लांब आहे यांनी पडतो. महाराष्ट्राचा एकूण दर १.७ आहे. म्हणजे आईबापांची जागा भरून काढायला जेवढी मुलं लागतात त्याहून कमी आपल्याकडे आधीच होतात. कडक कायदा आणून काय आणखी खाली न्यायचं?

दक्षिणेत तर गाडी उलटी फिरली आहे. आंध्र प्रदेशने १९९४पासून असलेली दोन मुलांची अट नोव्हेंबर २०२४मध्ये काढून टाकली, आणि मुख्यमंत्री जास्त मुलं व्हावीत असं बोलू लागले. यामागे म्हातारपणाची चिंता आहे तशी लोकसभेच्या जागांचीही आहे. ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन नीट केलं त्यांचे खासदार कमी होऊ नयेत म्हणून १९७६ला जागांची वाटणी १९७१च्या जनगणनेवर गोठवली, पुढे ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ती वेळ आता आली. पन्नास वर्षांपूर्वी बाईला कमी मुलं होऊ दे म्हणणारे आणि आता जास्त होऊ दे म्हणणारे, दोघांचाही हिशेब तिच्या गर्भाशयावर चालला आहे, आणि दोघांच्याही सभेत ती मागच्या रांगेत बसलेली आहे.

राहिलं बैठकीत काय बोलायचं ते. भांडू नका. तुम्ही नव्या आहात, बदली नंदुरबारला की गडचिरोलीला हे ठरवणारा माणूस त्याच खोलीत असतो. (दोन्हीकडे मी काम केलंय, दोन्ही जिल्हे चांगले आहेत, पण शिक्षा म्हणून जाऊ नये.) केसेसचा आकडा विचारला की सांगा, आणि त्याच वाक्यात पुरुष नसबंदीचा, अंतराच्या दुसऱ्या डोसचा आणि बाळंतपणानंतरच्या तांबीचा आकडा सांगा. दुसऱ्या डोसचा मुद्दाम. पहिला डोस कुणीही देऊ शकतं. बाई तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी परत आली याचा अर्थ तिला कुणीतरी नीट समजावलं होतं.

बाळंतपणानंतरच्या तांबीची संमती कळा सुरू असताना घेऊ नका. त्या वेळी ती तुम्हाला घरही लिहून देईल. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत विचारा आणि कार्डावर लिहा. ऑपरेशनसाठी नवऱ्याची सही लागत नाही. केंद्राच्या मानकात वय २२ ते ४९, विवाहित, आणि किमान एक मूल वर्षाच्या वरचं, या मुख्य अटी आहेत. तुमची स्टाफ नर्स सही मागेल, कारण सर्वत्र मागतात. तिला मानक वाचायला द्या. आणि तुमच्याकडे दुर्बिणी दोन असतील तर यादी वीसवर थांबवा. एकविसावीला पुढची तारीख द्या, तिच्या गाडीची सोय आजच लिहून ठेवा, नाहीतर ती परत येणार नाही.

शेवटी, एक वही स्वतःची ठेवा. त्यात तांबी काढायला आलेल्या बायका लिहा: कधी आली, का आली, आणि काढली की नाही. एचएमआयएस या सरकारी आरोग्य-नोंदणीत तांबी काढल्याचा रकाना आहे, पण मी ३१ वर्षांत तो आकडा कुणी बैठकीत विचारलेला ऐकला नाही. १९९३च्या आसपास एक बाई माझ्याकडे तीन वेळा आली होती. पोटात दुखतं, काढा. मी दोन वेळा 'राहू दे गं अजून महिनाभर' म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवली, कारण मार्चचा रिपोर्ट जायचा होता आणि तांबी काढली की माझी एक कमी होत होती. तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा तांबी हातात घेऊन आली. घरीच ओढून काढली होती, दोऱ्याला धरून. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, तुमची वस्तू."

तुमच्या वहीत पहिल्या महिन्यात अशा किती निघतात ते मला कळवा.